ड्रायरचा सेन्सर आणि एकशे सहा ताप

तापमान हा माझा विषय आहे. फुशारकी म्हणून सांगत नाही, पोटच भरतो त्यावर. शहराबाहेरच्या शीतगृहात मी दिवसभर एका खुर्चीत बसतो आणि समोरच्या पडद्यावरचे आकडे बघतो. कुठल्या खोलीत किती थंडी आहे ते आकडे सांगतात. एखादा आकडा लाल झाला की मी फोन उचलून मेकॅनिकला बोलावतो. तो येतो, आत जाऊन काहीतरी खुडबुड करतो आणि आकडा हिरवा होतो. इतकी वर्षं हे बघितल्यावर माणूस तज्ज्ञ होणारच की नाही? तेव्हा आमच्या घरच्या कपडे वाळवायच्या मशीनवर, म्हणजे ड्रायरवर, लाल दिवा लागला आणि त्याचा अर्थ 'तापमान सेन्सरमध्ये बिघाड' असा निघाला, तेव्हा मला चक्क हसू आलं.

बाबांना म्हटलं, "बाबा, दुसरं काही बिघडलं असतं तर मेकॅनिक लागला असता. हे तर घरचंच काम!"

बाबा म्हणाले, "मेकॅनिकला बोलाव."

घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. माझी बायको तिच्या इच्छेनं आणि माझ्या संमतीनं दुसऱ्या शहरात राहते. बाबा जन्मभर एका बेकरीत भट्टीवर होते. भट्टीच्या तोंडाशी हाताची मागची बाजू धरायची आणि पाव आत सारायचा की थांबायचं ते ठरवायचं, हे त्यांचं काम. आता पाय गेलेत, ते पलंगावर असतात. रात्री अंथरूण ओलं होतं. यात त्यांचा दोष नाही आणि माझाही नाही, पण चादरी मात्र रोज धुवाव्या लागतात. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, गॅलरी नाही, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. थंडीच्या दिवसांत आत दोरीवर टाकलेली चादर वाळत नाही, फक्त कुबट होत जाते. थोडक्यात, आमचं घर चालत होतं ते माझ्या पगारावर आणि त्या ड्रायरवर. त्यातही ड्रायरचा वाटा मोठा.

आणि रविवारी ताई येणार होती.

ताई माझी मोठी बहीण. शाळेत मुख्याध्यापिका आहे, आणि ती घरी आली की घराचीही शाळा होते. तिनं बाबांसाठी एका वृद्धनिवासात जागा बघून ठेवली होती. फोनवर तिनं मला स्पष्ट सांगितलं, "छोट्या, मी रविवारी येऊन बघते. बाबा स्वच्छ, कोरडे, नीट असतील तर तिथंच राहू देत. नसतील तर सोमवारी मी त्यांना घेऊन जाणार. मग रडायचं नाही."

हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "मला इथंच मरायचंय रे. तेवढं बघ."

आता तुम्ही सांगा, अशा वेळी मी मेकॅनिकला फोन केला नसेल का? केला. मंगळवारच्या आधी त्याला वेळ नव्हता. तोवर घरातल्या सगळ्या चादरी ओल्या झालेल्या. पलंगावर आधी माझी चादर गेली, मग पांघरुणाची खोळ. शनिवारी संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावरचा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ गादीवर घातला आणि त्यावर खिडकीचा पडदा काढून अंथरला. टेबलक्लॉथवर सफरचंदं छापलेली होती. बाबा त्यावर आडवे झाले आणि म्हणाले, "आता वर एक ताट ठेव म्हणजे झालं."

रविवारी सकाळी मी कामाला लागलो. ड्रायरचं मागचं झाकण उघडलं. आत कपड्यांची इतकी लव साचली होती की त्यात एक उशी सहज भरली असती. ती काढल्यावर सेन्सर सापडला. सेन्सर म्हणजे फार काही नसतं हो. बोराच्या बीएवढा एक मणी आणि त्याला दोन वायरी. आतली हवा किती तापली हे तो मशीनला सांगतो. आमच्या मशीनला त्याच्याकडून धड उत्तरच मिळत नव्हतं, म्हणून ते घाबरून हीटर लावत नव्हतं. ड्रम फिरायचा, गार वारा सुटायचा आणि चादर जशी आत गेली तशीच बाहेर यायची, फक्त दमून.

मी सेन्सर ओढून काढला. तपासायची रीत मला ठाऊक होती, आमच्या मेकॅनिकला करताना बघितली होती. वायरींना मीटर लावायचा आणि मणी कोमट पाण्यात बुडवायचा. पाणी तापेल तसा मीटरवरचा आकडा उतरला पाहिजे. मीटर मी कामावरून आणला होता. बाबांच्या खोलीत उजेड बरा म्हणून सगळा पसारा त्यांच्या पलंगाजवळच्या टेबलावर मांडला. पाण्यासाठी त्यांचाच चहाचा कप घेतला. अडलं एकाच ठिकाणी. पाणी किती तापलंय हे कळायला थर्मामीटर हवा, आणि घरात थर्मामीटर एकच, ताप बघायचा, काचेचा, आईच्या वेळचा.

इथं आमच्या घरातली एक रीत सांगायला हवी. आईचा नियम होता की ज्यानं थर्मामीटर वापरला त्यानं तो झटकायचा, पारा खाली आणायचा, पुसायचा आणि मगच नळीत ठेवायचा. आजारी माणसाला झटकत बसायची पाळी येऊ नये, हा तिचा मुद्दा. हा नियम आमच्या अंगात इतका मुरलाय की नळीतून काढलेला थर्मामीटर आमच्यापैकी कोणीही परत झटकून बघत नाही. सरळ तोंडात घालतो. इतर घरांत लोक ताप बघायच्या आधी झटकतात म्हणे. ज्याचा त्याचा विश्वास.

मी थर्मामीटर कपात सोडला, शेजारी सेन्सर सोडला आणि वरून थोडं थोडं गरम पाणी ओतत गेलो.

बाबा उशीवरून बघत होते. म्हणाले, "आईनं बघितलं असतं तर हात मोडला असता तुझा."

"शास्त्रीय प्रयोग आहे, बाबा."

पारा चढत एकशे सहापर्यंत गेला. मीटरवरचा आकडा गुणी पोरासारखा उतरत गेला. म्हणजे सेन्सर ठणठणीत होता! मला जितका आनंद झाला तितकीच पंचाईतही झाली, कारण सेन्सर चांगला असेल तर बिघडलंय काय? हा विचार मी करतच होतो, तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

ताई दुपारी येणार होती. मुख्याध्यापिका वेळेआधी येतात, हे मी विसरलो होतो.

मग माझी जी धावपळ उडाली ती विचारू नका. कपातलं पाणी कुंडीत ओतलं. सेन्सर शर्टाच्या खिशात टाकला. थर्मामीटर बाहीला पुसला आणि नळीत घातला. पुसला, बरं का. तेवढं केलं. बाबांना गार वाटू नये म्हणून त्यांच्यावर दोन ब्लँकेटं घातली आणि रबराची गरम पाण्याची पिशवी पोटाशी दिली. दोन्ही ब्लँकेटं हनुवटीपर्यंत ओढली, म्हणजे सफरचंदं दिसायला नकोत. मग दार उघडलं.

ताईनं चप्पल काढता काढता विचारलं, "खिडकीचा पडदा कुठं गेला?"

"धुवायला."

"आणि हा वास कसला?"

"कसला वास?" असं म्हणत मी तिला बाबांच्या खोलीकडे वळवलं आणि स्वतः न्हाणीघराकडे पळालो. तिथं ओल्या चादरींचा ढीग पडला होता. तो मी उचलून ड्रायरच्या ड्रममध्ये कोंबायला लागलो. ओली चादर भलती जड असते. एक आत घालावी तर दुसरी बाहेर येई. मी दारावर गुडघा रेटून उभा होतो, तेव्हा बाबांच्या खोलीतून आवाज ऐकू आले.

"बाबा, चेहरा किती लाल झालाय तुमचा. कपाळ तर तापलंय."

"अगं, दोन ब्लँकेटं घातलीत त्यानं."

"थांबा, ताप बघते."

"तो थर्मामीटर नको लावूस, तो त्यानं मघाशी..."

"बोलू नका. जिभेखाली धरा."

मग शांतता. मला त्या शांततेत खरं तर सगळं कळायला हवं होतं. तापमान माझा विषय. पण माझा गुडघा दारावर होता आणि सगळं लक्ष त्या चादरींत होतं.

"अरे देवा! छोट्या! एकशे सहा!"

मी धावत गेलो. ताईच्या हातात थर्मामीटर होता. बाबा काहीतरी सांगायला तोंड उघडत होते, पण ताईनं खात्री करायला थर्मामीटर पुन्हा त्यांच्या जिभेखाली खुपसला. पुन्हा काढला. पुन्हा एकशे सहा. न झटकलेला पारा दुसरं काय दाखवणार?

"उतरायचं नावच घेत नाहीये," ताई म्हणाली आणि तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला.

"मला काही झालेलं नाही," बाबा म्हणाले.

"बडबडायला लागलेत," ताई फोनवर म्हणाली. "ताप डोक्यात गेलाय."

मी माझ्या वडिलांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. आणि मी काय केलं असेल? त्यांच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला. मला खरोखर वाटलं की त्यांना एकशे सहा ताप आहे. आकडा लाल झाला की घाबरायचं, एवढंच शिकलोय मी.

रुग्णवाहिकेची माणसं आली. त्यांनी ब्लँकेटं काढली. सफरचंदं दिसली. ताईनं ती बघितली, पडदाही बघितला. जिन्यावरून बाबांना खुर्चीत बांधून उतरवलं. प्रत्येक मजल्यावर दारं उघडत होती आणि बाबा प्रत्येक दाराला सांगत होते, "मला काही झालेलं नाही." लोक माना हलवत होते. मरायला टेकलेला माणूस असंच म्हणतो, असा त्यांचा समज दिसला.

गाडीत बरोबरच्या माणसानं त्याचं यंत्र बाबांच्या कानात घातलं. म्हणाला, "ताप नाही. अठ्ठ्याण्णव."

ताई पांढरी पडली. "अठ्ठ्याण्णव? आत्ता एकशे सहा होता. एवढ्यात एवढा उतरला? म्हणजे अंग गार पडत चाललंय!" तिनं बाबांचे तळवे चोळायला घेतले आणि ती रडायला लागली. आमची ताई, जिच्यासमोर सगळी शाळा श्वास धरून उभी राहते, ती मोठ्यानं रडत होती. मलाही रडू आलं. रुमालासाठी खिशात हात घातला आणि हाताला दोन वायरी लागल्या.

तेव्हा मला कळलं.

कसं सांगू तुम्हाला. कामावरच्या गोठवणीच्या खोलीत एकदा मी चुकून कोंडलो होतो, तेव्हाही इतकं गार वाटलं नव्हतं. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण आली. तिनं बाबांना तपासलं, छाती ऐकली, स्वतःच्या थर्मामीटरनं ताप बघितला. लावायच्या आधी तिनं तो सपकन झटकला. मग ताईला विचारलं, "घरी बघितलात तेव्हा आधी झटकला होता?"

"आमच्याकडे वापरणारा झटकून ठेवतो," ताई म्हणाली.

"मग शेवटचा कोणी वापरला होता?"

मी तोंड उघडलं. उघडलं, पण त्यातून शब्द यायच्या आत बाबा बोलले.

"मी. चहात बुडवला होता."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "चहात? कशासाठी?"

"किती गरम आहे ते बघायला."

डॉक्टरीणबाई ताईकडे बघायला लागल्या, ताई त्यांच्याकडे. दोघींच्या चेहऱ्यावर एकच शंका. मग बाबांना आजचा वार विचारला. बाबांना वार कशाला माहीत असेल? त्यांचे सगळे वार त्याच छताखाली, त्याच पलंगावर जातात. ते म्हणाले, "शनिवार असेल." डॉक्टरीणबाईंनी मान हलवली.

"ताई, थांब," मी म्हटलं. "बाबांनी नाही, मी बुडवला. चहात नाही, पाण्यात. हा सेन्सर तपासायचा होता." मी खिशातून सेन्सर काढून पुरावा म्हणून पुढे धरला. त्याला थोडी लव चिकटली होती.

ताई त्या वायरींकडे बघत राहिली. "म्हणजे ताप बघायच्या थर्मामीटरनं तू ड्रायर तपासत होतास?"

"हो."

"आणि न झटकता नळीत ठेवलास? आईचा नियम मोडून?"

"हो. घंटा वाजली म्हणून."

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. इतक्या मायेनं तिनं माझ्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता. "त्यांना पाठीशी घालू नकोस. तू धांदरट आहेस, पण इतका मूर्ख नाहीस."

लहानपणापासून आजवर ताईनं माझ्या अकलेवर कधी विश्वास टाकला नाही. शाळेत नाही, लग्नाच्या वेळी नाही, नोकरीच्या वेळी नाही. तो तिनं नेमका त्या दुपारी टाकला. मी परोपरीनं सांगत होतो की मी तितका मूर्ख आहे. शपथा घेतल्या. आणि मी जितका जोर लावला तितका मी तिला गुणी मुलगा वाटत गेलो.

तिचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी आम्ही बाबांना घेऊन घरी आलो. ड्रायरचं दार तिनं उघडलं तेव्हा सगळ्या चादरी एकदम तिच्या पायांवर पडल्या. तिनं एक उचलली आणि वास घेतला. ओरडेल असं वाटलं होतं, पण ती स्टुलावर बसली आणि हळूच म्हणाली, "तुझी काय दशा झालीये रे. डोळे बघ आरशात. हे एका माणसाचं काम नाही, छोट्या. आणि आता त्यांचं डोकंही चालेनासं झालंय."

"त्यांचं डोकं शाबूत आहे, ताई."

"मलाही तसं वाटलं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली, आणि तिनं चादरींच्या घड्या घालायला घेतल्या. ओल्याच.

सोमवारी बाबांचं सामान भरताना मी त्यांच्याजवळ बसलो. ताई खाली गाडीत पिशव्या ठेवायला गेली होती. मी विचारलं, "बाबा, का म्हणालात तसं?"

"तुला बोलली असती ती."

"बोलली असती तर बोलली असती. तुम्हाला इथंच राहायचं होतं ना?"

"सवय लागली रे," बाबा म्हणाले. "ती चिडली की तुझं तोंड कसं होतं, ते बघवत नाही मला. लहानपणापासून."

मग त्यांना खुर्चीत बांधलं आणि जिन्यावरून उतरवलं. या वेळी ते कुठल्याच दाराशी काही बोलले नाहीत.

मंगळवारी मेकॅनिक येणार होता. त्याला नको सांगायच्या आधी, उगाच हाताला काम म्हणून, मी खिशातला सेन्सर काढून पुसला आणि जागच्या जागी खोचला. बटण दाबलं. लाल दिवा लागलाच नाही. ड्रम फिरला आणि आतून अशी मस्त गरम हवा आली की न्हाणीघराचा आरसा धुरकटला. बिघाड सेन्सरमध्ये नव्हताच. वायर ज्या खाचेत बसते तिथं ती नीट टेकत नव्हती. काढून परत लावायची, एवढंच काम होतं. शनिवारी केलं असतं तर बाबा आज इथल्या पलंगावर असते. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. ताईला तर मुळीच नाही, ती विश्वासच ठेवणार नाही.

आता ड्रायर उत्तम चालतो. एका माणसाचे कपडे किती असणार? चार दिवसांत एकदा लावतो.

बाबा तिथं बरे आहेत. जागा स्वच्छ आहे, चादरी कोरड्या असतात, पण गार असतात, असं ते म्हणाले. एकदाच म्हणाले. तेव्हापासून रविवारी सकाळी मी एक चादर ड्रायरमध्ये घालतो, गरमागरम बाहेर काढतो, ब्लँकेटमध्ये गुंडाळतो, ते गाठोडं कोटाच्या आत पोटाशी धरतो आणि बस पकडतो. मध्ये एक बस बदलावी लागते. ती हमखास उशिरा येते. लोक माझ्या पोटाकडे बघतात आणि उठून जागा देतात. मीही बसतो. कशाला उगाच सांगत बसा?

परवाच्या रविवारी दुसरी बस आलीच नाही. थंडीत तसाच चालत गेलो. पोचलो तेव्हा माझा कोट गार होता, ब्लँकेट गार होतं आणि आतली चादर तर आमच्या शीतगृहातून काढल्यासारखी झाली होती. तरी आणली होती म्हणून मी ती बाबांच्या पायांवर पसरली.

ज्या हातानं त्यांनी जन्मभर भट्टी जोखली, तो हात बाबांनी उलटा करून चादरीवर ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. मग माझ्या तोंडाकडे बघितलं.

"जरा जास्तच तापवलीस," ते म्हणाले. "मेकॅनिकला बोलाव."

या वेळी मी हो म्हणालो.